बांधावरची जागा

संभाजीनगरजवळच्या बिडकीनच्या शिवारात घरचं कुत्रं मेलं की त्याला बांधावर पुरतात. ही रीत कुणी लिहून ठेवलेली नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. विहिरीपासून लांबची जागा बघायची, जमलं तर झाडाखालची. खड्डा कमरेइतका खोल घ्यायचा, कारण उथळ खड्डा कोल्ही आणि गावातली कुत्री एका रात्रीत उकरतात. तळाशी खडेमीठ पसरायचं, कुत्र्याला त्याच्याच अंथरुणाच्या पोत्यात गुंडाळून कुशीवर ठेवायचं, माती लोटायची, वर दगड रचायचे आणि त्यांच्यावर बाभळीची काटेरी फांदी दाबायची. घरातली बाई पदराआड आणलेला भाकरीचा तुकडा आत ठेवते. मंत्र नाही, भटजी नाही, दहावं-तेरावं नाही. पण पुढे कित्येक वर्षं औत हाकणारा गडी तेवढा कोपरा सोडून बैल वळवतो.

या रीतीला स्वतःचा बांध लागतो. आणि आमच्याकडे आता बहुतेकांजवळ तोच उरलेला नाही.

दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरसाठी बिडकीन, निलजगाव, बंगलातांडा अशा गावांची शेतं संपादित झाली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी ज्या बिडकीन औद्योगिक क्षेत्राचं लोकार्पण केलं, ते ७,८५५ एकरांवर पसरलेलं आहे. मोठ्या कारखान्यांच्या घोषणा झाल्या, चकचकीत रुंद रस्ते झाले. मोबदल्याच्या पैशांतून घरांवर स्लॅब पडले, पोरं पुण्याला शिकायला गेली, पैठण रस्त्याला दुकानं उभी राहिली. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्यात भलं झालेली माणसंही मला माहीत आहेत. पण एक गोष्ट कुठल्याच पंचनाम्यात आली नाही. संपादन करताना विहीर मोजली, मोसंबीची झाडं मोजली, पाइपलाइन मोजली. त्या शेताची राखण करणारं कुत्रं कुणी मोजलं नाही, आणि ते बरोबरही होतं, कारण ते विकायचं नव्हतंच. ते मालकाच्या मागोमाग गावात आलं. कापूस गेला, तूर गेली, रानडुकरांवर भुंकायचं काम गेलं. राहिलं ते कुत्रं. गेल्या काही वर्षांत ही कुत्री एकेक करून म्हातारी झाली.

आमचा भुऱ्या त्यांतलाच. शेतात मेंढ्या बसवायला दरवर्षी एक धनगर कुटुंब यायचं. काढणी झाली की त्यांचा वाडा आमच्या रानात उतरायचा, मेंढ्यांचं खत रानाला मिळायचं आणि त्यांना धान्य. त्यांच्या कुत्रीचं हे पिल्लू. धनगराच्या बायकोने ते माझ्या आईच्या ओटीत टाकलं आणि म्हणाली, "माय, ह्याला साखळी घालू नका, हे रानाचं हाय." आईने तिचा शब्द पाळला. भुऱ्याच्या गळ्यात पट्टा होता, साखळी कधीच नव्हती. आमचे अण्णा विहिरीवरची मोटार चालू करायला रात्री-अपरात्री निघायचे, तेव्हा बॅटरीच्या उजेडाच्या पुढे चार पावलं तो असायचा. विंचू-काट्याची, सापाची खबर अण्णांच्या आधी त्याला असायची.

कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. २०२० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी १०४ लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या डीएनएवर वयानुसार उमटणाऱ्या रासायनिक खुणा तपासल्या आणि हा सोपा गुणाकार मोडीत काढला. त्यांच्या सूत्रानुसार एक वर्षाचं कुत्रं माणसाच्या तिशीत पोचलेलं असतं, पुढे त्याच्या वयाचा वेग मंदावतो आणि बाराव्या वर्षी ते सत्तरीत असतं. वेगवेगळ्या जातींत फरक पडेल, पण हे वाचताना मला भुऱ्या दिसला. पहिल्या पावसाळ्यातच तो बाप्या झाला होता. मग पुष्कळ वर्षं तो तसाच राहिला, इतका तसाच, की तो म्हातारा होईल हे आमच्या कुणाच्या मनातच आलं नाही.

म्हातारपण आधी मागच्या पायांत आलं. कुत्रं उठताना पुढचे पाय रोवतं आणि मागचं धड वर ओढतं. रानातल्या मातीत हे जमून जायचं. नव्या घराच्या गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय दोन दिशांना पसरायचे. तो पडायचा, इकडे-तिकडे बघायचा, पुन्हा प्रयत्न करायचा. वहिनीने खताची रिकामी पोती उसवून धुतली आणि दारापासून पाण्याच्या पातेल्यापर्यंत अंथरली. त्या दिवसापासून तो फक्त पोत्यांवरूनच चालायचा. पोतं जिथे संपेल तिथे थांबायचा आणि पाय पुढे टाकून चाचपायचा. कुणाच्या घरी म्हातारं कुत्रं असेल तर मी पहिल्यांदा हेच सांगेन: औषधाच्या आधी फरशीवर पोतं टाका.

मग डोळे. बुबुळांवर निळसर झाक आली. लोक म्हणाले, मोतीबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं की प्रत्येक निळसर डोळा मोतीबिंदूचा नसतो. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग घट्ट होत जातं, त्यानेही अशी झाक येते, आणि तेवढ्याने कुत्रं आंधळं होत नाही. कान गेले. नाक मात्र शेवटपर्यंत शाबूत राहिलं. अण्णा फाटकाशी आले की डोळे मिटलेल्या भुऱ्याच्या नाकपुड्या हलायच्या आणि शेपटी जमिनीवर दोनदा आपटायची.

सगळ्यांत अवघड होत्या त्या रात्री. दिवसभर झोपलेला भुऱ्या मध्यरात्री उठून फिरायचा. आतल्या खोलीत ज्वारीच्या कोठीमागे जाऊन तोंड भिंतीला लावून उभा राहायचा. मागे कसं यायचं हे तो विसरला होता. हाक ऐकू यायची नाही, म्हणून आई उठून त्याच्या पाठीवर हात ठेवायची आणि हळूच वळवून आणायची. भुतंखेतं दिसतात, कुणीतरी करणी केली, असंही शेजारून आलं. खरं तर हा कुत्र्यांच्या मेंदूचा वार्धक्यातला आजार आहे, माणसांच्या स्मृतिभ्रंशासारखा. दिवस-रात्र उलटी होणं, कोपऱ्यात अडकून पडणं, ओळखीच्या माणसाकडे अनोळखी नजरेनं बघणं ही त्याची लक्षणं. पूर्ण बरा करणारं औषध नाही. रात्री एक मंद दिवा चालू ठेवणं, सामानाची जागा न बदलणं आणि जेवणाच्या वेळा सांभाळणं एवढं आपल्या हाती असतं.

खेड्यात अशा कुत्र्याला आणखी एक धोका असतो. झोकांड्या खाणारं, लाळ गाळणारं, ओळख विसरलेलं कुत्रं दिसलं की लोकांना पहिली शंका येते ती पिसाळल्याची. ही भीती खोटी नाही. रेबीज एकदा अंगात उमटला की माणूस वाचत नाही, आणि आपल्या देशात तो बहुतेक वेळा कुत्र्याच्या चाव्यातूनच येतो. म्हणून दरवर्षीची लस टोचून घेणं आणि तिचा कागद घरात जपून ठेवणं हे म्हाताऱ्या कुत्र्यासाठी दुप्पट गरजेचं आहे. त्या कागदामुळे गल्लीतली काठी थांबते. आणि ज्याला लस नाही, ज्याचं वागणं एकाएकी बदललं आहे, त्याच्या तोंडाजवळ प्रेमापोटीही हात नेऊ नये.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला गुडघ्याची गोळी चालते तर कुत्र्याला का नको, असं वाटणं साहजिक आहे. पण माणसांसाठीच्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. पॅरासिटामॉलही अंदाजाने देणं धोक्याचं. कुत्र्यांसाठी वेगळी वेदनाशामकं आहेत, ती वजनावर मोजून दिली जातात. मेडिकलच्या काउंटरवर हे कुणी सांगत नाही. म्हातारी कुत्री दुखण्याने जातात तशी या मायेच्या गोळीनेही जातात.

डॉक्टर कुठे मिळतो, हा इथला खरा प्रश्न. आपल्याकडच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांची सगळी रचना गाई-म्हशी, बैल, शेळ्या यांच्याभोवती आहे. त्यात वावगं काही नाही, कारण त्या जनावरांवर घरं चालतात. १९६२ या क्रमांकावर फोन केला की फिरतं पथक येण्याची सोय आहे, तीही मुख्यतः पशुधनासाठी. कुत्र्याच्या रक्ताची तपासणी, सोनोग्राफी यांसाठी संभाजीनगर गाठावं लागतं: खडकेश्वरचं सरकारी चिकित्सालय किंवा शहरातले खासगी दवाखाने. मराठवाड्यात पशुवैद्यक शिकवणारं परभणीचं महाविद्यालय १९७२ पासून आहे, तिथून शिकलेली मुलं गावोगाव आहेत. पण ज्या कुत्र्याला उठता येत नाही, त्याला गाडीत घालून चितेगावच्या गर्दीतून शहरात न्यायचं म्हणजे त्याचे हाल. आमच्या भुऱ्याचं मूत्रपिंड गेल्याचं कळलं ते रक्ताच्या तपासणीत. खुणा आधीच दिसत होत्या. पातेलंभर पाणी प्यायचा, घरातच लघवी व्हायची, तोंडाला उग्र वास यायचा. ज्वारीची भाकर ताकात कुस्करून दिली की कधी नाही म्हणाला नव्हता. आता तो वास घ्यायचा आणि तोंड फिरवायचा.

"कुत्र्यासाठी एवढं?" हे वाक्य त्या काळात आम्ही पुष्कळ ऐकलं. बोलणारे वाईट नव्हते. ज्या मुलखाने एकापाठोपाठ दुष्काळ पाहिले, जिथे चाऱ्याअभावी बैल विकताना शेतकरी रडले, तिथे कुत्र्याच्या सलाइनचा खर्च डोळ्यांवर येणारच. पण या प्रश्नातला दुसरा भाग मला मान्य नाही. कुत्र्याचं एवढं मनावर घेणं हे शहरी खूळ आहे, गावाकडची परंपरा अशी नाही, असं जे सुचवलं जातं ते खरं नाही.

आमच्या बिडकीनपासून प्रवरासंगम फार लांब नाही. त्याच प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये झाडाचं मूळ खोदताना छबू लक्ष्मण भिल्ल यांना ब्राँझच्या चार जड मूर्ती सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा, आणि चौथा एक रथ. रथाला दोन बैल जुंपलेले आहेत, मागे माणूस उभा आहे, आणि त्याच्या पुढ्यात रथाच्या दांडीवर एक कुत्रं उभं आहे. हजारो वर्षांपूर्वी गोदावरी-प्रवरेच्या मुलखातल्या कारागिराला माणूस आणि बैल घडवून काम पुरं झालंसं वाटलं नाही. त्याने कुत्र्याला गाडीमागे पळवलं नाही, वर घेतलं.

वेरूळचं कैलास लेणं राष्ट्रकूटांच्या कृष्णराजाचं, पहिल्या कृष्णाचं. त्याच घराण्यातल्या तिसऱ्या कृष्णाच्या काळातला, इसवी सन ९४९-५० चा एक कन्नड शिलालेख कर्नाटकातल्या अतकूर इथला आहे. चोळांवरच्या विजयानंतर गंग राजा बूतुगाने आपल्या मणलेर नावाच्या वीराला, हवं ते माग, असं सांगितलं. मणलेराने जमीन मागितली नाही. त्याने राजाचं काळी नावाचं कुत्रं मागितलं. पुढे ते एका मोठ्या रानडुकराशी झुंजलं आणि दोघंही मेली. मणलेराने देवळासमोर काळीच्या नावाने शिळा उभी केली, तिच्यासाठी जमीन लावून दिली, आणि पुजाऱ्याने या शिळेची पूजा केल्याशिवाय जेवू नये, असं कोरून ठेवलं. हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाचं हे दुःख आहे. ते त्याने लपवलं नाही.

आपल्याकडचं ठळक उदाहरण साताऱ्याजवळच्या संगम माहुलीचं. कृष्णा आणि वेण्णा जिथे भेटतात तिथे छत्रपती शाहू महाराजांची समाधी आहे, आणि तिथेच त्यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचीही समाधी आहे. शिवाजी महाराजांचा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याबद्दल पुराव्याचा वाद आहे. तिथला त्याचा पुतळा १९३६ मधला. खंड्याबद्दल मात्र लिहिलेलं सापडतं. ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवलं आहे की शाहू महाराजांचा एक आवडता कुत्रा होता, त्याने वाघापासून त्यांचा जीव वाचवला होता. महाराजांनी भर दरबारात त्याला जरीचं वस्त्र आणि दागिने घातले, स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि त्यानंतर स्वतः पगडी घातली नाही. कुत्र्याच्या नावे जहागिरीची सनद करून दिली, पालखीचा मान दिला, आणि तो पालखीचा लवाजमा दरबाराने सांभाळला. ग्रँट डफ हे सगळं महाराजांच्या मनाच्या बिघाडाखाली मांडतो. मला ते पटत नाही. ज्याचं बालपण आणि तारुण्य मोगलांच्या कैदेत गेलं, त्याला न मागता राखण करणाऱ्या जिवाची किंमत दरबारातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळली असेल. माहुलीच्या लोकांनीही त्या समाधीला खूळ मानलेलं नाही.

आणि एवढं लांब तरी का जा? संभाजीनगर आणि बिडकीन यांच्या मधल्या डोंगराखाली सातारा गावचा खंडोबा आहे. चंपाषष्ठीला तिथे यात्रा भरते. खंडोबाच्या पायाशी घोडा असतो आणि कुत्रं असतं. त्या दिवशी आमच्याकडे भरीत-रोडग्याचा नैवेद्य देवाला दाखवला की पुढचा घास कुत्र्याचा. जो समाज देवाच्या पायाशी कुत्र्याला जागा देतो, त्याच्या दारातलं कुत्रं जाताना डोळ्यांत पाणी आलं तर त्यात परकं काय आहे?

शेवटचा निर्णय घेताना घरात दोन मतं होती. अण्णा म्हणायचे, "जीव आपण दिला नाही, आपण घ्यायचा कसा?" आई म्हणायची, "लई सोसलं त्यानं. आपल्या डोळ्याला दिसावा म्हणून त्याला ठेवायचा का?" डॉक्टरांनी कुणाचीच बाजू घेतली नाही. एका अमेरिकन पशुवैद्य बाईंनी, ॲलिस विलालोबोस यांनी, अशा घरांसाठी सात गोष्टींची एक मोजपट्टी केली आहे, ती डॉक्टरांनी समजावून सांगितली. वेदना किती, खाणं किती, पाणी पोटात राहतं का, अंग स्वच्छ ठेवता येतं का, कशात आनंद वाटतो का, हालचाल किती, आणि चांगले दिवस जास्त की वाईट. शेवटच्या प्रश्नावर अण्णा गप्प झाले. वाईट दिवस कधीच पुढे गेले होते. कायदाही या बाबतीत निर्दय नाही. प्राण्यांवरच्या क्रूरतेला आळा घालणाऱ्या १९६० च्या अधिनियमात, ज्या जनावराला जिवंत ठेवणं हीच क्रूरता ठरेल, त्याला विनायातना मरण देण्याची वाट ठेवलेली आहे.

डॉक्टर सकाळी घरी आले. काय काय होईल ते त्यांनी आधी सांगितलं, आणि ते आधी सांगितलं म्हणूनच आम्ही उभे राहू शकलो. पहिलं इंजेक्शन गुंगीचं. काही मिनिटांत भुऱ्या गाढ झोपला. कितीतरी दिवसांनी त्याचा श्वास एकसारखा चालला होता. मग पुढच्या पायावरचे थोडे केस काढून शिरेत भुलीच्या औषधाचा मोठा डोस. मिनिटभरात छाती थांबली. नंतर एकदा दीर्घ श्वास घेतल्यासारखं झालं, लघवी झाली, डोळे उघडेच राहिले. हे सगळं शरीर आपोआप करतं, त्यात वेदना नसते. कुणी आधी सांगितलेलं नसेल तर घरच्यांना वाटतं, तो अजून आहे, आपण चुकलो. डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि मान हलवली. डोकं आईच्या मांडीवर होतं. अण्णा दारात उभे होते. ते आत आले, खाली बसले आणि त्याच्या गळ्यातला पट्टा काढायला लागले. बोटं थरथरत होती, बक्कल निघेना. कुणी मदतीला पुढे झालं नाही. त्यांचं ते काम त्यांनाच करायचं होतं.

डॉक्टरांनी जाताना एक गोष्ट बजावली. या औषधाचा अंश मृतदेहात राहतो. उघड्यावर टाकलेला असा देह दुसऱ्या कुत्र्याने किंवा पाखरांनी खाल्ला तर त्यांनाही विषबाधा होते. म्हणून खोल पुरायचं, पाण्यापासून लांब. आमचा गावाजवळचा एक तुकडा संपादनातून वाचला आहे, म्हणून आम्हाला ते जमलं.

देह पुरला तरी दुःख राहतं, आणि त्याला सगळीकडे सारखा मान नसतो. उद्योगपती रतन टाटा ९ ऑक्टोबर २०२४ रोजी गेले, तेव्हा त्यांच्या अंत्यदर्शनाला त्यांच्या 'गोवा' नावाच्या कुत्र्याला आणलं होतं. ती दृश्यं आमच्याकडेही घराघरांत पाहिली गेली. मृत्युपत्रात त्यांनी आपल्या टिटो या कुत्र्याच्या आयुष्यभराच्या सांभाळाची सोय केल्याचंही वर्तमानपत्रांतून आलं. लोकांनी डोळे पुसले. पण टाटा गेले त्याच आठवड्यात शेजारच्या गल्लीतला एक पन्नाशीचा माणूस कुत्रं गेलं म्हणून कामावर गेला नाही, तर त्याची थट्टा झाली. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखाबद्दल लिहिलं होतं, ज्याला समाज दुःख म्हणून मानतच नाही. भेटायला कुणी येत नाही, रजा मिळत नाही, बोलायला तोंड नाही. आमच्याकडे भुऱ्या गेल्यावर एक शेजारीण संध्याकाळी पिठलं-भाकरी घेऊन आली, माणूस गेल्यावर आणतात तशी. ती काही बोलली नाही. डबा ठेवला, आईजवळ बसली, आणि उठून गेली. तिने ज्या सहजतेने हे केलं, त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

ज्यांच्याकडे तुकडाही उरला नाही, त्यांचं काय होतं तेही मी पाहिलं आहे. एका घरातल्या पोरांनी कुत्र्याला पोत्यात घालून रात्री दुचाकीवरून नेलं आणि नव्या रस्त्याच्या कडेच्या भरावात पुरलं, कुणी हटकेल या भीतीने घाईघाईत. दुसऱ्या एका घराने माणूस लावून ते उचलून न्यायला सांगितलं आणि कुठे टाकलं हे विचारायची हिंमत केली नाही. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला पाळीव प्राण्यांसाठी दहनाची सोय सुरू केली. आम्हाला एवढं काही नको. गायरानातला अर्धा एकर पुरेल: नाल्यापासून आणि विहिरींपासून लांब, भोवती कुंपण, आणि खड्डा घ्यायला कधीही बोलावता येईल असा एक माणूस. औद्योगिक क्षेत्राच्या आराखड्यात रस्ते, सांडपाणी आणि झाडांच्या पट्ट्यांसाठी जागा राखलेली आहे. ज्यांच्या रानांवर हे सगळं उभं राहिलं, त्यांच्या राखणदारांसाठी त्यात एक कोपरा निघू शकतो. हा विषय मी ग्रामसभेत मांडणार आहे. अर्जावर सही करायला काही घरं तयार आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या दारातली कुत्री आजच फरशीवर घसरायला लागली आहेत.